रात्रीची लाईट असली की आम्ही फिरायला जातो



आजची नोंद पिकाची नाही. शेवटी पिकावरच येणार आहे, पण सुरुवात वेगळीकडून करतो.

गेल्या दसऱ्यापासून मी आणि आमची कारभारीण, आम्ही दोघं चार ठिकाणी फिरून आलो. लांब कुठं नाही. सकाळी निघायचं, संध्याकाळी धारंच्या आधी घरी. चाकणचा संग्रामदुर्ग, राजगुरुनगरचा राजगुरूंचा वाडा, भंडारा डोंगर आणि शिवनेरी. गावात त्याची चर्चा झाली. एकानं तर पारावर सगळ्यांदेखत विचारलं, "काय आबा, पोराच्या लग्नानंतर आता तुमचा हनिमून का?" मी हसलो. तिला सांगितलं तर ती म्हणाली, "आपला झालाच कुठं व्हता?"

खरं आहे ते. लग्नाला एकतीस वर्षं झाली. लग्न वैशाखात झालं आणि दुसऱ्या आठवड्यात ती कांदा काटायला बसली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमचं गाव चाकणच्या पश्चिमेला. सहा एकर होती, साडेतीन एमआयडीसीत गेली. उरली अडीच. पैसे आले, त्यात घर झालं, पोरीचं लग्न झालं, बाकीचे कसे गेले ते तुम्हाला सांगायला नको, तुमचेही तसेच गेले असतील. पोरगा कंपनीत कंत्राटी कामाला आहे. शेती आम्ही दोघंच बघतो. पावसाळी बाजरी, थोडा भुईमूग, आणि रब्बीत एकरभर कांदा.

पहिली सहल ठरवून झालीच नाही. तिची कंबर दुखायची म्हणून चाकणला दवाखान्यात नेलं होतं. एक्स-रे काढला, रिपोर्टला दोन तास लागतील म्हणाले. बाकड्यावर बसून काय करायचं? मी म्हणालो, "चल, किल्ला बघून येऊ." ती म्हणाली, "कुठला किल्ला?"

मंडळी, ही बाई तीस वर्षं शनिवारच्या बाजाराला चाकणला येते. मी तर तिथं कांद्याच्या गोण्या टाकून रात्री काढल्यात. बाजारापासून संग्रामदुर्ग हाकेच्या अंतरावर. आम्ही दोघांनी आत पाय ठेवलेला नव्हता.

आता तिथं फार काही उरलेलं नाही. थोडी तटबंदी, बुरूज, दरवाज्याचा भाग, खंदकाच्या खुणा. चारी बाजूंनी घरं. भुईकोट किल्ला, म्हणजे डोंगर नाही, सपाटीवरच. १६६० साली शाहिस्तेखानानं याला वेढा घातला. जूनमध्ये वेढा पडला, ऑगस्टच्या मध्याला किल्ला गेला. पंचावन्न-छप्पन दिवस ऐन पावसाळ्यात फिरंगोजी नरसाळ्यांनी तीन-साडेतीनशे माणसांवर तो लढवला. शेवटी खानाच्या लोकांनी भुयार खणून बुरुजाखाली दारू भरली आणि बुरूज उडवला. डोंगरी किल्ल्याला खालनं कातळ असतो, तिथं असं भुयार सहजी होत नाही. सपाटीला खाली माती आणि मुरूम. विहीर खणणाऱ्याला हे लगेच कळेल.

मी हे सगळं तिला मोठ्या तोऱ्यात सांगत होतो. शाळेत शिकलेलं थोडं, मोबाईलवर वाचलेलं थोडं. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "तीनशे माणसं दोन महिने खात काय व्हती?"

मला उत्तर येईना. मग आम्ही तिथंच दगडावर बसून हिशोब केला. माणशी दिवसाला सहाशे ग्रॅम धान्य धरा, लढणारा माणूस आहे. तीनशे माणसांना एकशे ऐंशी किलो रोज. छप्पन दिवसांना दहा हजार किलो, म्हणजे शंभर क्विंटल. आज आमच्याकडं पावसाळी बाजरी एकरी आठ-दहा क्विंटल निघते. म्हणजे आजच्या उताऱ्यानं दहा-बारा एकराचं सगळं पीक. त्या वेळचा उतारा आजच्यापेक्षा कमीच असणार, तेव्हा रान त्याहून मोठं. घोड्यांचा दाणा-वैरण वेगळी. आणि हे सगळं पाऊस लागायच्या आत किल्ल्यात येऊन पडलेलं असलं पाहिजे, म्हणजे मागच्या सालचं धान्य. कुणीतरी पिकवलं, कुणीतरी वाहून आणलं.

ती म्हणाली, "आन् दळलं कुणी? एकशे ऐंशी किलो रोज. आत्याबाई पहाटं उठून जात्यावर बसायच्या ते घरच्या आठ माणसांपुरतं. तितं किती जाती लागली असतील? त्याचं कुठं लिव्हलंय का?"

मी काही तसं वाचलेलं नाही.

रिपोर्ट घेतला. मणक्यात गॅप आहे, वाकून काम बंद, रोज चालायचं, असं डॉक्टर म्हणाले. वाकून काम बंद म्हणजे शेतकऱ्याच्या बाईला काय उरतं ते तुम्हीच सांगा. कांद्याचं रोप वाकून लावायचं, खुरपणी वाकून, काढणी वाकून, काटणी खाली बसून. मी मान हलवली आणि घरी आल्यावर वाफ्यात रोपाचं बी टाकलं. नेहमीसारखं एकराचं.

दुसरी सहल डिसेंबरात. राजगुरुनगरला तहसीलला कागदाचं काम होतं, तिची सही लागत होती. काम अकरालाच झालं. आता तिनंच विचारलं, "हितं बघायला काय हाय?" आमच्या तोंडी अजून खेडच येतं. तालुक्याचं नाव खेड, गावाचं नाव राजगुरूंच्या आठवणीनं बदललेलं. तरी राजगुरूंचा वाडा आम्ही पाहिलेला नव्हता. भीमेच्या काठी आहे. तिथं जन्मखोली आहे, फोटो आहेत. शिवराम हरी राजगुरू, जन्म २४ ऑगस्ट १९०८, फाशी २३ मार्च १९३१ लाहोरला, भगतसिंग आणि सुखदेव यांच्याबरोबर. ती पाटी वाचत बोटं मोजत होती. म्हणाली, "बावीस वर्षं. आपल्या पोराहून ल्हान." मग घाटाकडच्या बाजूला जाऊन बराच वेळ पाण्याकडं बघत उभी राहिली. मी पण काही बोललो नाही. आम्ही भाकरी तिथंच नदीकडं तोंड करून खाल्ली.

येताना गाडीवर मागून म्हणाली, "त्याच्या आईला कोण सांगायला आलं असंल?"

तुम्ही म्हणाल आबा, यात शेती कुठं आली. येतो आता.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कांदा लागण काढली. बायकांचं टोळकं सांगितलं होतं, त्यातल्या चार आल्याच नाहीत. कंपनीच्या कॅन्टीनला, हाऊसकीपिंगला जातात, महिन्याचा पगार असतो, त्यांचं चूक नाही. रोप उपटून ठेवलेलं, ते सुकत चाललेलं. मी नको म्हणालो. म्हणजे तोंडानं नको म्हणालो. ती पदर खोचून वाफ्यात उतरली. तीन दिवस लागण केली. चौथ्या दिवशी पहाटे तिला अंथरुणातून उठता येईना. मी आणि सूनबाईनं धरून बसवली. ती ओरडली नाही, नुसतं माझ्याकडं बघितलं. ती नजर मी अजून विसरलो नाही.

वीस दिवस ती पडून होती. त्या वीस दिवसांत मला कळलं की मी ज्याला "माझी शेती" म्हणतो त्यातलं वाकायचं सगळं काम तिचं आहे. माझं काम म्हणजे ट्रॅक्टर सांगणं, मोटर चालू-बंद करणं, फवारणी, आणि बाजारात जाऊन भाव पाडलेला ऐकून येणं. फवारणीला मी ताठ उभा असतो. ट्रॅक्टरवर बसलेला असतो. हा हिशोब एकतीस वर्षांत एकदाही केला नव्हता.

त्याच दिवसांत एक एजंट येऊन बसायला लागला. जमीन विकायची नाही, भाड्यानं द्या म्हणतो. रस्त्यालगत आहे, मुरूम टाकून सपाट करू, कंटेनर उभे राहतील, वर्षाचं भाडं आगाऊ. आकडा सांगितला तो आमच्या कांद्याच्या तीन चांगल्या सालांएवढा होता. मी त्याला चहा पाजून वाटेला लावला. ती आतून ऐकत होती.

माघात तिला चालायला यायला लागलं. माघ शुद्ध दशमीचा सोहळा असतो भंडारा डोंगरावर, तेव्हा मुंगीला शिरायला जागा नसते. ती गर्दी ओसरल्यावर गेलो. वरपर्यंत गाडी जाते. जाताना प्रत्येक गतिरोधकाला मी गाडी इतकी हळू घेतली की मागचा टेम्पोवाला शिव्या देत होता.

तुकोबा इथं येऊन बसायचे. वरनं इंद्रायणीचं खोरं दिसतं, आणि आता सगळीकडं कंपन्यांची पत्र्याची शेडं. चाकणच्या अंगाला बघून आमची गेलेली साडेतीन एकर कुठल्या शेडाखाली असेल ते शोधायचा मी प्रयत्न केला. नाही सापडली. सगळी शेडं सारखीच.

ती म्हणाली, "तुकोबा वर देवापाशी बसायचे. भाकर घिऊन वर कोण यायचं?"

जिजाई भाकरी घेऊन यायची, हे आपण सगळे कीर्तनात ऐकतो. पायात काटा मोडल्याची गोष्टही ऐकतो. ऐकून हसतो, कारण जिजाई भांडखोर अशीच सांगतात. १६३० च्या दुष्काळाच्या त्या सालांत तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली. दुष्काळ काय असतो ते जिजाईनं त्याच घरात बघितलेलं. तिनं रोज डोंगर चढायचा आणि वर भाकर द्यायची. ती भांडली तर काय चुकलं?

हे माझं डोकं नाही, तिचं आहे. मी फक्त लिहितोय.

मग तिनं तिथंच विषय काढला. घरी काढला नसता. घरी मी उठून गोठ्यात गेलो असतो. डोंगरावर कुठं जाणार? ती म्हणाली, "एजंटाला हो म्हणा."

मी म्हणालो, "त्या किल्ल्यात फिरंगोजीला खानानं चाकरीला ये म्हटलं, तो गेला का?" तशी गोष्ट सांगतात, खान त्याच्या शौर्यावर खूश झाला आणि त्यानं नकार दिला.

ती म्हणाली, "चाकरी नाय घेतली. पण किल्ला दिलाच की शेवटाला. उरलेली माणसं घिऊन भाईर पडला. तवा त्याला कुणी नावं ठेवली का? तुमाला किल्ला दिसतो, मला आतली माणसं दिसत्यात. आत मी हाय."

मंडळी, मला याच्यावर बोलता आलं नाही. मी दहावी पास आहे, ती चौथी. आम्ही तसेच खाली उतरलो.

पण मला मातीचं सोडवत नव्हतं. तुमच्यातल्या कृषीवाल्यांना वेगळं सांगायला नको. काळ्या रानावर मुरूम टाकून रोलर फिरला, वर कंटेनर उभे राहिले, की ते रान गेलं. करार पाच वर्षांचा असो नाहीतर तीनचा. दाबलेली माती, त्यात सांडलेलं डिझेल, ऑईल. कागदावर जमीन माझी राहील, पण त्यात पीक काय येणार?

चौथी सहल शिवनेरी, मार्चमध्ये, शिवजयंतीची गर्दी संपल्यावर. कांदा तेव्हा पोसत होता, रात्रीच्या लाईटीचा आठवडा होता. रात्री पाणी दिलं, पहाटे दोन तास झोपलो आणि सातला निघालो. तिच्या कंबरेसाठी गाडी नेली नाही, एसटीनं गेलो. नारायणगावला बदलून जुन्नर. तिला अर्धं तिकीट. ती म्हणाली, "आता तुमीच म्हागात पडता."

पायऱ्या बऱ्याच आहेत, सात दरवाजे आहेत. आम्ही प्रत्येक दरवाज्यात बसलो. चढायला दीड तास लागला असेल. पोरं आमच्या पुढून दोनदा वर जाऊन खाली आली. जन्मस्थान बघितलं, शिवाईला नमस्कार केला. १९ फेब्रुवारी १६३० चा जन्म. आणि त्याच सालापासून दोन-तीन वर्षं दख्खनेत तो मोठा दुष्काळ. भंडाऱ्यावर ज्याची गोष्ट झाली तोच. म्हणजे राजे रांगायला लागले तेव्हा खाली मुलखात माणसं अन्नावाचून मरत होती. गडावर अंबरखाना आहे, धान्याचं कोठार, आता पडका. ती त्यात जाऊन भिंतीला हात लावून आली. "हे बघा, हितं धान्य ठिवायची जागा तरी दावलीया," म्हणाली. पाण्याची टाकी कातळात खोदलेली, मार्चमध्ये गंगा-जमुना टाक्यांना पाणी होतं. माझ्या बोअरला तेव्हा निम्मा तासच पाणी चालत होतं.

वर एक गुरुजी शाळेची पोरं घेऊन आले होते. समोरच्या मानमोडी डोंगराकडं हात करून सांगत होते की तिथं दोन हजार वर्षांच्या आसपासची लेणी आहेत, आणि एका लेखात असं कोरलंय की अमुक गावच्या वीस निवर्तन जमिनीचं उत्पन्न करंजाची झाडं लावायला दिलं, दुसऱ्या गावच्या नऊ निवर्तनांचं वडाची झाडं लावायला. देणारा एक शक माणूस, बाहेरून आलेल्या लोकांपैकी. निवर्तन हे त्या वेळचं जमिनीचं माप.

मी जवळ जाऊन परत विचारून घेतलं. करंजच का? गुरुजी म्हणाले ते लेखात नाही. आपल्याला करंज माहीत आहे. शेंगवर्गातलं झाड, मुळांवर गाठी, पाला हिरवळीच्या खताला चालतो, बियांचं तेल निघतं, पेंड रानाला चालते. सावली तर आहेच, आणि गुरं पाल्याला फारसं तोंड लावत नाहीत.

उतरताना ती म्हणाली, "झाडाला वाकावं लागत न्हाई."

एवढंच म्हणाली. एसटीत बसल्यावर मी खिशातल्या तिकिटाच्या मागं रानाचा नकाशा काढायला लागलो. ओझरच्या फाट्याच्या आसपास आम्ही दोघं त्या तिकिटावर भांडत होतो. खेडला येईपर्यंत ठरलं. ते असं:

रस्त्याकडची दहा गुंठ्यांची पट्टी खडकाळ आहे, तिथं बाजरीही धड येत नाही. तेवढी एजंटाला पार्किंगला दिली, वर्षाच्या कराराने. कडेनं मी स्वतः चर काढून घेतला, म्हणजे पावसाचं तेलकट पाणी काळ्या रानात उतरणार नाही. हे तिचं ऐकलं.

काळं रान कुणालाच द्यायचं नाही. हे माझं.

एक एकर केशर आंबा. पाच बाय पाच मीटरवर, साधारण एकशे साठ झाडं. खड्डे मे महिन्यात जेसीबीनं काढले, अडीच बाय अडीच फुटांचे, महिनाभर तापू दिले. शेणखत आणि सुपर फॉस्फेट घालून भरले. पहिली तीन-चार वर्षं मधल्या जागेत भुईमूग नाहीतर सोयाबीन, पेरणी यंत्रानं. तीस गुंठे बाजरी आणि मागून हरभरा, तोही पेरणीयंत्रानं. बांधाला करंज. गोठा आणि घरापाशी दहा गुंठे. कांदा फक्त दहा गुंठे, आणि त्याची लागण मी करणार.

हो, मी. या उन्हाळ्यात कांदा काढताना मी सगळे वाफे तिच्या जागेवर बसून काढले. तिसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. ती बांधावर खुर्ची टाकून बसली होती. म्हणाली, "उठा आता, फवारणी करा."

आंबा धरायला चार वर्षं जातील. तोवर पार्किंगचं भाडं आणि पोराचा पगार यावर चालायचं आहे. पोराचं कंत्राट दर सहा महिन्यांनी बदलतं. एजंट अजून फोन करतो, पट्टीच्या मागचं पण द्या म्हणतो, भाडं वाढवून देतो म्हणतो. एखाद्या सालात ओढाताण झाली तर मी काय करीन, हे आज छाती ठोकून सांगत नाही. बरोबर केलं का चूक, ते चार वर्षांनी इथंच लिहीन.

जाणाऱ्यांसाठी थोडं. चाकणच्या चौकातून जायचं असेल तर सकाळी सातच्या आत पार व्हा. शिफ्टच्या बसा लागल्या की तास मोडतो. जुन्नर-खेड पट्ट्यात उसाच्या कडेनं दुचाकीवर अंधार करू नका, बिबट्याचा भाग आहे. पाणी आणि भाकरी घरनं घ्या. आणि दोघंच जा. चार माणसं असली की पुरुष एकीकडं, बायका एकीकडं, मग गप्पा त्याच होतात ज्या घरी होतात.

पुढच्या रात्रीच्या लाईटीला चासला जाणार आहोत. सोमेश्वराचं देऊळ आहे, आणि बाजीराव पेशव्यांच्या काशीबाईंचं माहेर. काशीबाईंचं माहेर बघायचं हे तिनंच ठरवलंय.

आंब्याची कलमं आठ दिवसांपूर्वी लावली, दोन जळाली, बाकी धरलीत. वाळवीसाठी काय करताय ते कळवा. राम राम.